बसायला जागा

गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांचे एक शिबिर होते. मीही सत्र घ्यायला गेले होते. माझ्या आधी एक पाहुणे बोलले. बायकांना कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी एक किस्सा सांगितला. अमेरिकेत युटा नावाचे राज्य आहे, तिथे १८९६ साली सिनेटच्या निवडणुकीत नवरा एका पक्षातून आणि बायको दुसऱ्या पक्षातून उभी राहिली. बायको जिंकली, नवरा पडला! "तेव्हा भगिनींनो, घरी जाऊन नवऱ्याला सांभाळून असा बरं का," असा शेवट करून ते हसले. बायकाही हसल्या. चहाच्या वेळी कडेला बसलेली एक माजी सदस्य मला म्हणाली, "ताई, नवऱ्याला पाडलं ते कळलं. पण निवडून येऊन त्या बाईनं केलं काय, ते कुणी सांगंना."

तिचा प्रश्न मला घरापर्यंत पुरला. कारण हा किस्सा मीही कधीतरी ८ मार्चच्या भाषणात सांगितला आहे, आणि मीही तेवढ्यावरच थांबले होते. हा लेख म्हणजे त्या बाईला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. शिवाय दोन प्रकारच्या लोकांशी मला यात भांडायचे आहे. "पहिली स्त्री" म्हणून हारतुरे घालून मोकळे होणाऱ्यांशी एक. आणि "सभागृहात जाऊन बायका काय दिवे लावणार, शेवटी पक्षाचाच हात वर करणार" असे म्हणणाऱ्या आपल्याच काही मैत्रिणींशी दुसरे.

आधी किस्सा नीट सांगते. त्या बाईंचे नाव मार्था ह्यूज कॅनन. जन्म १८५७ चा, वेल्समधला. लहानपणी आईवडिलांबरोबर युटात आल्या. छापखान्यात खिळे जुळवून पैसे साठवले आणि १८८० साली मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात पदवी घेण्याच्या सहा वर्षे आधी. निवडणूक झाली ती अशी: सॉल्ट लेक भागातून सिनेटच्या पाच जागा एकत्र भरायच्या होत्या. डेमोक्रॅट पक्षाचे पाचही उमेदवार निवडून आले आणि त्यांत मार्था होत्या. रिपब्लिकन पाचही पडले. त्यांत त्यांचे पती अँगस कॅनन होते आणि एमेलिन वेल्स ही मताधिकाराच्या चळवळीतली ज्येष्ठ कार्यकर्तीही होती. म्हणजे नवराबायकोची समोरासमोर कुस्ती अशी झालीच नाही! पण वर्तमानपत्रांना कुस्ती हवी होती. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या सिनेटवर निवडून आलेली पहिली स्त्री लोकांच्या लक्षात राहिली ती नवऱ्याला हरवणारी म्हणून. बाईने काहीही मिळवले तरी ते शेवटी नवऱ्याच्या खात्यावर जमा किंवा वजा करायचे, ही रीत आपल्याकडचीच आहे असे कुणी समजू नये.

मग त्यांनी केले काय? बहिऱ्या, मुक्या आणि अंध मुलांच्या शिक्षणाचा कायदा आणला. राज्याचे आरोग्य मंडळ स्थापन व्हावे म्हणून खटपट केली, ते झाले आणि त्या मंडळावर त्यांनी कामही केले. आणि नोकरी करणाऱ्या बायका-मुलींच्या आरोग्याचा एक कायदा आणला. त्यातले मुख्य कलम साधे होते. दुकानात काम करणाऱ्या बायकांना मालकाने बसायला जागा द्यावी.

बसायला जागा! मोठमोठ्या घोषणांपुढे हे किती क्षुल्लक वाटते. पण एखाद्या साड्यांच्या दुकानात जाऊन बघा. गादीवर आपण ऐसपैस बसतो, मालक गल्ल्यावर बसतो, आणि साड्यांच्या घड्या उलगडून दाखवणारी मुलगी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी असते. गिऱ्हाईक नसले तरी उभी. पायांच्या शिरा फुगतात, पाळीच्या दिवसांत कंबर धरते, पण स्टूल दिसले तर मालकाला ते आळसाचे लक्षण वाटते. केरळमधल्या दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला, तेव्हा २०१८ साली तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ साली तमिळनाडूत आला. मार्थाबाईंचा कायदा १८९७ चा आहे. तोवर युटाच्या सभागृहात जे पुरुष बसत होते त्यांना काय डोळे नव्हते? दुकाने त्यांचीही होती, त्यांच्या शेजाऱ्यांचीही होती. पण उभ्या बाईचे पाय दिसायला सभागृहात बसलेली बाई लागली. म्हणून मी म्हणते की सभागृहातल्या जागेचा आणि दुकानातल्या स्टुलाचा संबंध आहे.

आता कोलोरॅडोकडे या. कारण खरा आरंभ तिथे आहे. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी कोलोरॅडोच्या पुरुषांनी मतदान करून बायकांना मताधिकार दिला. बाजूने ३५,७९८ आणि विरोधात २९,४५१. "दिला" हा शब्द मी इतिहासाच्या पुस्तकांतून घेतला आहे, पण तो मला बोचतो. १८७७ साली हाच प्रश्न तिथे पडला होता. पुन्हा उभा केला तो बायकांनी. मोहीम सुरू झाली तेव्हा संघटनेच्या तिजोरीत पंचवीस डॉलर होते, आणि ती तिजोरी सांभाळत होती एलिझाबेथ एन्स्ली नावाची कृष्णवर्णीय कार्यकर्ती. गावोगाव हिंडून, सभा घेऊन, पत्रके वाटून जे मिळवले त्याला "दिला" म्हणतात!

पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, क्लारा क्रेसिंगहॅम, कॅरी हॉली आणि फ्रान्सिस क्लॉक या तिघी राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेल्या या पहिल्या स्त्रिया. सभागृहात सदस्य ६५, त्यांत या तिघी. १८९५ च्या त्या एका अधिवेशनात काय झाले पाहा. कॅरी हॉलीबाईंनी मुलींच्या संमतिवयाचे विधेयक मांडले आणि ते वय अठरावर गेले. मुलांच्या पालकत्वात आईला बापाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. निराधार मुलांसाठी राज्याचे बालगृह निघाले आणि त्याच्या पाच जणांच्या मंडळावर तीन स्त्रिया असाव्यात असे ठरले.

संमतिवय म्हटल्यावर आपल्या वाचक मैत्रिणी सावरून बसतील. १८८० च्या सुमारास अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत हे वय दहा किंवा बारा होते. डेलावेअरमध्ये तर सात! आपल्याकडे फुलमणीच्या मृत्यूनंतर १८९१ साली ते दहाचे बारा झाले, तर केवढा धर्म बुडाला होता! टिळकांसारखे पुढारी विरोधात उभे राहिले. रखमाबाईंवरचा खटला त्याच्या थोडाच आधीचा. आपल्या मुलींच्या शरीराचा निर्णय कलकत्त्याच्या कौन्सिलात गोऱ्या आणि काळ्या पुरुषांनी केला. तिथे बोलायला एकही बाई नव्हती. चारच वर्षांनी कोलोरॅडोत तोच प्रश्न एका बाईने सभागृहात उभे राहून मांडला आणि वय बारावर नव्हे, अठरावर नेले. "बायकांनी सभागृहात जाऊन काय फरक पडतो?" याचे यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. परत येऊन १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक छापले, तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर लिहिले. त्या तिथे फिरत होत्या तेव्हा देशातल्या एकाही राज्याच्या विधिमंडळात स्त्री नव्हती. इतकेच नाही, १८८७ साली तर युटाच्या बायकांचा हाती आलेला मताधिकार काढून घेतला गेला. १८७० पासून त्या मत देत होत्या. पुढे वॉशिंग्टनच्या काँग्रेसने बहुपत्नीत्वाविरुद्ध कायदा केला आणि त्यात सगळ्या बायकांचे मत रद्द केले. चार चार लग्ने करायची पुरुषांनी, आणि मत जायचे बायकांचे! एकाच लग्नाच्या बाईचे गेले, कुमारिकेचे गेले, विधवेचेही गेले. ते परत मिळाले १८९६ साली, युटा राज्य झाल्यावर. मधल्या काळात, १८९५ साली, सारा अँडरसन या बाईंनी मतदारयादीत नाव घालून घ्यायला नकार मिळाला म्हणून कोर्टात दावा लावला. वरच्या कोर्टात त्या हरल्या. आणि वर्षभराने त्याच बाई राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेल्या. हा किस्सा मात्र मी कुणाच्या भाषणात ऐकलेला नाही. त्यात नवरा नाही ना!

यावर कुणी म्हणेल, मताधिकार मिळाला की सदस्यत्व आपोआप येते. तसे येत नाही, मैत्रिणींनो. वायोमिंगचे उदाहरण घ्या. १० डिसेंबर १८६९ रोजी तिथल्या पुरुषांच्या विधिमंडळाने बायकांना मत देण्याचा आणि पदावर बसण्याचाही हक्क दिला. जगभर गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी तिथल्याच पुरुषांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी कायदा मागे घेण्याचा ठराव केला. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, आणि तो मोडून काढायचा प्रयत्न एका मताने फसला, म्हणून कायदा वाचला. आणि त्या राज्याच्या विधिमंडळात पहिली बाई, मेरी बेलामी, निवडून आली कधी? १९१० साली. ४१ वर्षे बायका मत देत होत्या आणि उमेदवाऱ्या पुरुष वाटून घेत होते. कायद्याने दार उघडे होते, पण तिकीट कुणाच्या खिशात होते?

"मत द्या, पण बसू नका" हा डाव फक्त बायकांवर खेळला गेला असेही नाही. यादवी युद्धानंतर, १८६८ साली, जॉर्जिया राज्यात गुलामीतून सुटलेल्या समाजाचे पुरुष विधिमंडळात निवडून आले. सप्टेंबरमध्ये गोऱ्या सदस्यांनी त्यांना सभागृहाबाहेर काढले. युक्तिवाद काय? तर घटनेने यांना मत देण्याचा हक्क दिला आहे, पद धारण करण्याचा दिलेला नाही. हेन्री मॅकनील टर्नर यांनी त्या वेळी सभागृहात जे भाषण केले त्यात विनवणी नव्हती. माझा हक्क मी तुमच्याकडे मागत नाही, तो माझाच आहे, असा त्याचा रोख होता. अब्राम कोल्बी या सदस्याला क्लू क्लक्स क्लानच्या लोकांनी १८६९ साली घरातून ओढून नेऊन चाबकाने फोडले. १८७० मध्ये या सदस्यांना परत घ्यावे लागले, पण तोवर दहशतीचे काम झाले होते. आपल्याकडे दलित सरपंचाला १५ ऑगस्टला झेंडा लावू देत नाहीत, खुर्ची असूनही जमिनीवर बसवतात. तेव्हा जॉर्जिया मला परका वाटत नाही. जागा निवडणुकीत मिळते, पण ती टिकवावी लागते बैठकीत, गावात, आणि रात्री घराचे दार वाजते तेव्हा.

आणि आयोवात? १९२० साली सगळ्या देशात स्त्रियांना मताधिकार आला, तरी तिथल्या घटनेत विधिमंडळाचा सदस्य "पुरुष" असावा असे लिहिलेले होते. तो शब्द काढायला १९२६ साल उजाडले.

इथवर मी हारतुरेवाल्यांना आणि नाक मुरडणाऱ्यांना सुनावले. आता स्वतःच्या बाजूलाही सुनावले पाहिजे, नाहीतर ही नुसती आरती होईल.

कोलोरॅडोच्या त्या तिघी गोऱ्या होत्या आणि तिघी रिपब्लिकन पक्षाच्या होत्या. मताधिकाराचा प्रश्न लोकांपुढे नेण्यात पुढाकार होता तो शेतकरी-कामगारांच्या पॉप्युलिस्ट पक्षाचा. त्याच पक्षाचे गव्हर्नर डेव्हिस वेट यांनी १८९४ मध्ये क्रिपल क्रीकच्या संपात मालकांच्या माणसांपासून खाणकामगारांना वाचवायला सैनिक पाठवले होते. आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत वेट पडले, पॉप्युलिस्ट हरले आणि बायका निवडून आल्या त्या दुसऱ्या पक्षाकडून. पराभवाचे खापर बायकांच्या मतांवर फोडण्यात आले. जणू पुरुषांनी मतेच दिली नव्हती! हे खापर मी मान्य करत नाही. पण बाई म्हणून निवडून आलेली बाई आपोआप कष्टकऱ्यांची होत नाही, हे मात्र मान्य करते.

फ्रान्सिस क्लॉकबाई ज्या समितीच्या अध्यक्ष झाल्या तिचे नाव होते इंडियन आणि लष्करी व्यवहार समिती. मूळ रहिवासी आणि लष्कर एकाच समितीत, यातच सगळे आले. याच कोलोरॅडोत १८६४ साली सँड क्रीकच्या काठावर शायान आणि अरापाहो लोकांची कत्तल झाली होती. मेलेल्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्या जमातींच्या बायकांना तेव्हा नागरिकत्वही नव्हते. सगळ्या मूळ रहिवाशांना ते मिळाले १९२४ साली. त्यांच्या नावाच्या समितीच्या खुर्चीवर बाई होती, पण त्यांच्यातली नव्हती. आणि ज्या एलिझाबेथ एन्स्लींनी पंचवीस डॉलरची तिजोरी सांभाळली, त्यांच्या समाजाची बाई एखाद्या राज्याच्या विधिमंडळावर निवडून यायला १९३८ साल लागले. पेनसिल्व्हेनियातल्या क्रिस्टल बर्ड फॉसेट त्या पहिल्या. "पहिली स्त्री" असे आपण म्हणतो तेव्हा कोणती स्त्री, हे विचारलेच पाहिजे. महिला आरक्षणात जातीचा प्रश्न काढला की "बायकांत फूट पाडू नका" असे आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. फूट आधीपासून आहे. ती आपण पाडत नाही, दाखवतो आहोत.

मार्थाबाईंशीही माझे भांडण आहे. त्या अँगस कॅनन यांच्या सहा बायकांपैकी चौथ्या. एका मुलाखतीत त्यांनी बहुपत्नीत्वाची बाजू घेतली होती. नवऱ्याला चार बायका असल्या तर प्रत्येकीला महिन्यातले तीन आठवडे मोकळे मिळतात, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब वाचून मला हसू आले आणि मग राग आला. सवतीच्या संसारात रडणाऱ्या किती जणींबरोबर आपण पोलीस ठाण्यात बसलो आहोत! मोकळीक हवी तर ती सवतीच्या पाळीतून का मिळवायची? पण एवढ्या शिकलेल्या, डॉक्टर झालेल्या बाईलाही स्वतःसाठी वेळ काढायला हाच मार्ग दिसला, यात दोष एकट्या तिचा नाही. एकनिष्ठ म्हणवणाऱ्या घरांतही बाईला एक आठवडा मोकळा मिळत नव्हता, हे त्यातून कळते.

आणि त्यांचे राजकारण संपले कसे? १८९९ मध्ये त्यांना तिसरे मूल झाले. बहुपत्नीत्व तोवर बेकायदा ठरलेले होते, त्यामुळे ते मूल हाच पुरावा ठरला. नवऱ्यावर खटला झाला, शंभर डॉलर दंड झाला. दंड भरून तो मोकळा. मार्थाबाई पुन्हा कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. गुन्ह्याची शिक्षा एकाला शंभर डॉलर आणि दुसरीला सभागृह! डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या संसदभवनात बसवला गेला. पुतळ्याला तिसरे मूल होत नाही, त्यामुळे त्याला बसवायला कुणाची हरकत नसते.

शिबिरात मला प्रश्न विचारणारी ती माजी सदस्य "माजी" का झाली, ते मी मग विचारले. तिसरे मूल. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनांहून जास्त मुले झाली तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते अशी तरतूद कायद्यात आली. तिला पहिल्या दोन मुली. तिसऱ्या खेपेला नको म्हणायचा अधिकार तिला कधी होता? सासूला नातू हवा होता, नवऱ्याला वारस हवा होता. मुलगा झाला, पेढे वाटले, आणि विरोधी गटाने अर्ज केला. सदस्यत्व गेले तिचे. नवरा आजही गावात पुढारी म्हणून फिरतो. पाण्याच्या टाकीचा ठराव तिने आणला होता, तो तसाच पडून राहिला.

मी तिला मार्थाबाईंच्या तिसऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे तिकडं बी पोटावरनंच घातलं बाहेर."

एवढे लिहून झाल्यावर हिशेब मांडते. कोलोरॅडोत १८९५ साली ६५ मध्ये तिघी. महाराष्ट्राच्या विधानसभेत २०१९ साली २८८ मध्ये चोवीस. सव्वाशे वर्षांचा आणि सात समुद्रांचा फरक, आणि आपण शंभरात साडेचारांवरून आठावर आलो. २०२३ साली लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती झाली. पण तिला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट जोडली गेली. वायोमिंगच्या बायकांनी ४१ वर्षे वाट पाहिली, त्यांच्याही कायद्यात सगळे लिहिलेले होते.

तेव्हा यापुढे ८ मार्चला कुणी "नवऱ्याला हरवणारी बाई" हा किस्सा काढला तर मध्येच उठून विचारा, तिने कायदा कोणता केला? आपल्या गटातल्या कुणी म्हटले की सभागृहात काही अर्थ नाही, तर तिला संमतिवयाचे अठरा आणि दुकानातले स्टूल दाखवा. आणि कुणी बाई निवडून आली म्हणून गुलाल उधळायला निघालात, तर तिच्या समितीत कोण बसले आहे आणि कोण बाहेर उभे आहे, ते मोजून या.

आपल्या परीने एक काम लगेच करता येईल. आपापल्या तालुक्यात तिसऱ्या मुलामुळे पद गेलेल्या किती बाया आहेत, त्यांच्या नवऱ्यांचे काय झाले आणि त्यांनी आणलेल्या ठरावांचे काय झाले, याची यादी करा. गावाचे आणि बाईचे नाव उघड न करता ती आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती छापू. पहिली नोंद मी माझ्या वहीत करून ठेवली आहे: पाण्याची टाकी, ठराव मंजूर, काम नाही.